नैऋत्य कोपऱ्यातली भेग

“ताई, पुढचं एलिव्हेशन तेवढं बदलून द्यायचंय. बाकीचं आमचं आम्ही बघून घेऊ.”

चेअरमन आप्पांचा हा फोन आला आणि हे प्रकरण सुरू झालं. खानदेशातलं तालुक्याचं गाव, तिथली सहकारी बँक आणि पेठेच्या तोंडाशी उभी असलेली तिची स्वातंत्र्याआधीची दगडी इमारत. गावाचं आणि बँकेचं नाव इथं देत नाही, संचालकांशी तसं ठरलं आहे. पण तापी-गिरणेच्या पट्ट्यातल्या कुणालाही ही इमारत ओळखीची वाटेल. काळ्या दगडाचं जोतं, पाच पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मधोमध सागवानी दुहेरी दार, वर अर्धगोल कमान. आत उंच हॉल, माथ्याशी झरोके आणि हॉलच्या एका अंगाला रोखपालाचा लोखंडी जाळीचा पिंजरा.

माझं आजोळ त्याच गावचं. कापूस विकला की आजोबा पैसे भरायला बँकेत जायचे आणि मला बरोबर न्यायचे. पितळी टोकन माझ्या मुठीत असायचं. कडेला झिजून गुळगुळीत झालेलं, उन्हाळ्यातही गार लागणारं. आजोबा आत शिरताना वहाणा दाराबाहेर काढून ठेवत. तसं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा या प्रकरणात मी तटस्थ नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. वास्तुविशारद म्हणून दिलेला सल्ला मात्र मोजमापावरच दिला.

संचालक मंडळापुढे दोन कागद होते. पहिला एका अभियंत्याचा, जेमतेम एका पानाचा अहवाल: नैऋत्य कोपऱ्यात तिरपी भेग आहे, इमारत धोकादायक आहे, पाडून आरसीसी बांधावी. दुसरा एका ठेकेदाराचं कोटेशन: पाडायची नसेल तर समोर लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर एसीपीचे (अ‍ॅल्युमिनियमच्या थरांचे) पत्रे आणि निळी काच लावू, आत पीओपीचं फॉल्स सीलिंग करू, पिंजरा आणि जुना काउंटर काढून क्यूबिकल देऊ, पश्चिमेच्या दोन खिडक्या तोडून एटीएमची खोली काढू. सांगाड्याच्या पायासाठी समोरचे दोन्ही ओटे जाणार होते. आप्पांचा कल या दुसऱ्या कागदाकडे होता. तो स्वस्त होता आणि वार्षिक सभेच्या आत उरकण्यासारखा होता.

दोन्ही कागदांत एक गोष्ट नव्हती. भेग का पडली, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

भेग

पहिल्या भेटीत मी शिडी लावून वर गेले आणि बॅटरी मारून भेगेत बघितलं. पश्चिमेच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून ती तिरपी कार्निसपर्यंत गेली होती. खाली बारीक, वर रुंद. आत तीन प्रकारचं भरण दिसत होतं. सगळ्यात आत पांढऱ्या चुन्याचं, त्यावर करड्या सिमेंटचं आणि वरून अलीकडची पुट्टी. म्हणजे निदान तीन वेळा कुणीतरी ती बुजवली होती आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा उघडली होती. चुन्याचं भरण असल्यामुळे भेग चुन्याच्या जमान्यापासूनची, हे उघड होतं. कालपरवा पडलेली भेग आणि पन्नास वर्षं जागेवर असलेली भेग यांत फार फरक असतो. पहिलीला घाबरावं. दुसरीचं वागणं आधी समजून घ्यावं.

खानदेशातल्या काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला हे वागणं सांगायला नको. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच मृगाच्या पावसात मिटतात. जुने गवंडी पाया मुरुमाला टेकेपर्यंत खोल नेत ते याचसाठी. इथंही तीन बाजूंना पाया मुरुमात होता. नैऋत्य कोपऱ्यात मात्र मुरूम खोल गेला होता आणि पाया मातीतच थांबला होता. आम्ही शेजारी खड्डा घेऊन बघितलं तेव्हा हे कळलं.

तरीही इतकी वर्षं तो कोपरा टिकला होता. मग आता का उघडावा? खड्ड्याच्या कडेलाच उत्तर होतं. गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप जोत्याजवळ तुटला होता आणि पावसाळाभर सगळं पाणी त्या एकाच कोपऱ्यात मुरत होतं. त्यात समोरचा रस्ता दर काही वर्षांनी काँक्रीट टाकून उंच होत गेला, तशी गटारही उंच झाली. पूर्वी जोत्याचं पाणी गटारीत जायचं, आता गटारीचं जोत्याकडे येत होतं. बरं, कोपरा पश्चिमेचा. उन्हाळ्यात दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत ऊन त्याच्यावर. चार महिने माती तुडुंब आणि चार महिने भाजलेली. बाकीच्या कोपऱ्यांना एवढी ओढाताण नव्हती.

शिवाय कधीतरी कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. दगड-चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आतून वर चढते, क्षार बाहेर येतात आणि भिंतीला लोणा लागतो. रोखपालाच्या पिंजऱ्यामागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगली होती आणि हात फिरवला की पांढरी भुकटी पडत होती. त्या भिंतीला टेकून लेजर ठेवायची सोय उरली नव्हती. हे एक कारण पुढं करून काउंटरच काढायचा घाट घातला गेला होता. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

मी संचालकांना सांगितलं, की एक वर्ष द्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून दर महिन्याला अंतर मोजू. भेग दरसाल वाढतच गेली तर पाया बसतोय, मग माझं काही म्हणणं नाही. उन्हाळ्यात उघडून पावसात मिटत असेल तर इमारत मातीबरोबर श्वास घेतेय, तिला पाडायची गरज नाही.

एक वर्ष हा शब्द ऐकून बैठकीत चुळबूळ सुरू झाली. त्या बैठकीत मी ओवाटोनाची गोष्ट सांगितली.

ओवाटोना

मिनेसोटा हे अमेरिकेतलं शेतीचं राज्य. ओवाटोना हे तिथलं छोटं गाव, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वस्ती जेमतेम साडेपाच हजारांची, शेती आणि दुधावर चालणारं. तिथं नॅशनल फार्मर्स बँक नावाची बँक होती. बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट हे संगीताचं वेड असलेले गृहस्थ. नवी इमारत बांधायची ठरली तेव्हा अमेरिकेत बँक म्हटली की रोमन देवळासारखे खांब ही रीत होती. बेनेटना ते नको होतं. एका मासिकात त्यांनी लुई सलिव्हन यांचा वास्तुकलेवरचा लेख वाचला आणि त्यांच्याशी संपर्क साधला.

सलिव्हन म्हणजे शिकागोच्या उंच इमारतींना रूप देणारे वास्तुविशारद, फ्रँक लॉइड राइट यांचे गुरू. रूप हे कामाच्या मागून येतं, हे त्यांचं १८९६ चं सूत्र आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी पाठ होतं. पण बेनेट त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचे दिवस फिरले होते. शिकागोची कामं आटली होती. ज्याने महानगराच्या इमारती उभ्या केल्या, त्याने तालुक्याएवढ्या गावची बँक हातात घेतली आणि तीत जीव ओतला.

इमारत १९०८ मध्ये सुरू झाली. अडुसष्ट फूट चौरस, जवळजवळ एका ठोकळ्यासारखी. खाली तांबूस वाळूच्या दगडाचं जोतं, वर अनेक छटांच्या विटा, दोन रस्त्यांच्या बाजूंना छत्तीस-छत्तीस फुटांच्या दोन कमानी आणि त्यांत लुई मिले यांनी केलेली रंगीत काच. कडांना हिरव्या टेराकोटाची वेलबुट्टी. यातलं बरंचसं अलंकरण सलिव्हन यांचे सहकारी जॉर्ज एल्म्स्ली यांच्या हातचं. आत ओतीव लोखंडाचे चार दिवे, एकेक सव्वादोन टनांचा. रोखपालांच्या खिडक्यांना नक्षीदार जाळ्या. भिंतींवर ऑस्कर ग्रॉस यांची दोन मोठी चित्रं, एकात गायी आणि दुसऱ्यात कापणी. बँकेच्या भिंतीवर ना राजा ना देवता, खातेदारांच्या गायी आणि खातेदारांचं पीक. शेतकऱ्यांना बसायला वेगळी खोली होती, गावात खरेदीला आलेल्या बायकांसाठी वेगळी. इमारतीच्या मागं लागून दुकानं आणि ऑफिसं काढली होती, त्यांचं भाडं बँकेला मिळायचं. हे शेवटचं ऐकून आप्पा सरसावून बसले.

मला यातली खोल्यांची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. एवढा मोठा कलावंत गायी-गुरांच्या गावात येतो आणि बायकांनी बसायचं कुठं याचा विचार करतो. आपल्याकडे डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावाकडच्या साध्या वस्तूंनी सगळी सजावट उभी केली होती. ते काम पाहिलेली म्हातारी माणसं माझ्या लहानपणी खानदेशात होती आणि ती त्याबद्दल अभिमानाने बोलत. मोठ्या हाताने लहान जागेला मान दिला की माणसं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात.

मग एका तरुण संचालकांनी विचारलं, आणि अगदी योग्य विचारलं, “ताई, त्या बँकेचं पुढं काय झालं?”

बँक बुडाली. १९२६ मध्ये. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांची कर्जं थकली आणि गावोगावच्या बँका एकामागून एक बंद पडल्या. त्यांतच ही गेली. सलिव्हन यांनी ते पाहिलं नाही. इमारत पुरी झाल्याच्या पुढच्याच वर्षी त्यांना स्वतःचं सामान आणि ग्रंथसंग्रह लिलावात काढावा लागला, एल्म्स्लींनाही सोडावं लागलं. तरी १९१९ पर्यंत त्यांनी अमेरिकेच्या मधल्या भागातल्या छोट्या गावांत तसल्याच आणखी काही इमारती केल्या आणि १९२४ मध्ये शिकागोत गरिबीत वारले.

“मग इमारतीने बँक वाचत नाही.” तरुण संचालक म्हणाले.

नाही वाचत. हे मी तिथं मान्य केलं आणि इथंही करते. बँक वाचते ती कर्ज कुणाला दिलं आणि वसूल कसं केलं यावर. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या, ठेवी अडकल्या, लेकीच्या लग्नाचे पैसे मागायला माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिली, ते सगळ्यांनी पाहिलंय. बँकेतल्या ठेवींना आता पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते एक लाखच होतं. पतसंस्थांच्या ठेवींना ते कवच नाहीच. खातेदाराला यातला कायदा ठाऊक नसतो. तो जागा बघतो, माणूस बघतो आणि ठरवतो. म्हणून मी विचारलं, की ज्या संस्थांमध्ये तुमच्या गावच्या लोकांचे पैसे अडकले त्यांची ऑफिसं कशी होती? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आप्पाच म्हणाले, “निळी काच होती.”

ओवाटोनाची गोष्ट तिथं संपत नाही आणि आमच्या कामाचा भाग पुढंच आहे. १९२९ मध्ये इमारत दुसऱ्या बँकेकडे गेली. १९४० च्या सुमारास आतली दुरुस्ती झाली. सोय हवी, जागा हवी, नव्या पद्धतीचे काउंटर हवेत, असं सगळं रास्तच असणार. पण त्या दुरुस्तीत आतलं पुष्कळसं मूळ काम गेलं. रोखपालांच्या खिडक्यांच्या जाळ्या निघाल्या. इमारतीवर डूख धरून कुणी ते केलं नव्हतं, बँकेच्याच चालकांनी बँकेच्या भल्यासाठी केलं. पुढं १९५८ मध्ये हार्वेल हॅमिल्टन हॅरिस या वास्तुविशारदाने हात घालून जेवढं सावरता येईल तेवढं सावरलं. कमानी, काच, चित्रं, दिवे राहिले. त्या जाळ्यांपैकी एक आता मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. १९७६ मध्ये इमारत राष्ट्रीय स्मारक ठरली, १९८१ मध्ये तिचं टपाल तिकीट निघालं. एकेकाळी अडचण म्हणून काढलेली वस्तू लोक संग्रहालयात बघायला येतील असं कुणाला वाटलं असेल?

मी संचालकांना एवढंच म्हटलं, की काय काढायचं ते काढा, पण परत बसवता येईल असं काढा. जे कराल ते असं करा, की तुमच्या नातवाच्या संचालक मंडळाला ते उलटं फिरवता येईल.

तरीही एक अडचण उरली होती आणि ती एका ज्येष्ठ संचालकांनी मांडली. ओवाटोनाला सलिव्हन होता, आपल्या इमारतीला कोण? जुन्या कपाटात मूळ नकाशा सापडला होता, कापडावर डकवलेला. त्यावर सही एका ओव्हरसियरची. मोठं नाव नाही, वारसा यादी नाही, पाडली तर विचारणारं कुणी नाही. यावर माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. मी म्हटलं, येत्या बाजारच्या दिवशी मी इथं येऊन बसते, मग बोलू.

सलिव्हन यांच्याविषयी एक आठवण सांगतात. ओहायोतल्या सिडनी गावी बँकेचं काम घेण्याआधी ते दोन दिवस समोरच्या फुटपाथच्या कडेला नुसते बसून होते, सिगारेटी ओढत. मग उठले आणि आराखडा काढून दिला. मी बाजारच्या दिवशी सकाळी नऊला बँकेच्या डाव्या ओट्यावर जाऊन बसले.

साडेदहापर्यंत ओटे भरले. डावीकडे बहुतेक बायका. पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराखाली. बचत गटाच्या चौघी जणी पैसे मोजून पुन्हा पुन्हा मोजत होत्या. एक आजी गावाहून सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती, तिचा मुलगा आत रांगेत होता. ती भाकरीचं फडकं सोडून तिथंच जेवली. शेजारणीला तिने मिरचीचा ठेचा दिला, मलाही दिला. उजवीकडे बाप्ये, त्यांच्यात कापसाच्या भावाची चर्चा. बाराच्या सुमारास ऊन फिरलं तरी ओट्यावर कमानीची सावली होती. दुपारी एकला गर्दी ओसरली.

ओवाटोनाच्या दोन वेगळ्या खोल्या आमच्याकडे दगडी ओट्यांच्या रूपात आधीपासून होत्या. आणि लोखंडी सांगाड्यासाठी नेमके तेच जाणार होते. पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं, तेव्हा ज्येष्ठ संचालक म्हणाले, “माझी आई तिथंच बसायची.” ओव्हरसियरच्या सहीचा विषय पुन्हा निघाला नाही. एक वर्ष मिळालं.

वर्ष आणि काम

खिळ्यांचं अंतर मोजायचं काम बँकेच्या शिपाईकाकांनी अंगावर घेतलं. बारीक अंतर मोजायचा व्हर्नियर कसा धरायचा ते मी त्यांना शिकवलं. शाळेच्या दोनशे पानी वहीत ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, बँक उघडण्याआधी, अंतर लिहीत. शेजारी त्यांच्याच मनाने पाऊस, ऊन आणि गटार तुंबली की नाही हेही लिहीत. ती वही मी नंतर पाहिली तेव्हा थक्क झाले. एका ठिकाणी लिहिलं होतं: “काल रात्री मोठा पाऊस. पाइपाचं पाणी धो धो कोपऱ्यात. बादली लावली, पुरली नाही.”

वैशाखात भेग सगळ्यात रुंद होती. श्रावणात जवळजवळ मिटली. पुढच्या वैशाखात पुन्हा उघडली ती पहिल्या साली होती तिथंवरच, त्यापुढे गेली नाही. पाया बसत नव्हता, माती हलत होती. आम्हाला मातीच शांत करायची होती.

त्या कामात दिसायला काहीच देखणं नाही. गच्चीचा पाइप बदलून लांब नेला. जोत्याभोवती बाहेर उतार देऊन फरशीचा रुंद पट्टा केला, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीलगत मुरणार नाही आणि उन्हाने भिंतीलगतची माती एकदम वाळणारही नाही. गटारीच्या कडेला छोटी भिंत घातली. भेगेत आडव्या दरजा उकरून त्यांत गंज न धरणाऱ्या सळ्या बसवल्या आणि चुन्याचं पातळ मिश्रण भरलं. बाहेरचा सिमेंटचा गिलावा काढला. तो काढताना भिंत इतकी ओली निघाली, की गवंडी म्हणाले, ताई, ही तर जखम बांधून ठेवल्यासारखी आहे. महिना-दीड महिना ती तशीच उघडी ठेवून वाळू दिली. मग चुन्याचा गिलावा. कळीचा चुना विरवून ठेवला होता, त्यात वाळू आणि विटांचा चुरा, पाण्यात गूळ आणि हिरडा. तीन थर, प्रत्येक थरावर ओलं गोणपाट, घाई नाही. चुन्यात हात घालणारे गवंडी आता कमी राहिलेत. आम्हाला दोन मिळाले, दोघेही साठीच्या पुढचे. त्यांच्या हाताखाली मुद्दाम दोन पोरं ठेवली.

एसीपी आणि काच बाद झाली. त्याला माझ्या आवडीनिवडीपेक्षा ऊन कारण ठरलं. दर्शनी बाजू पश्चिमेची आहे. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा पत्रा आणि काच म्हणजे भट्टीचं तोंड. दोन फूट जाड दगडाच्या भिंती ऊन संध्याकाळपर्यंत आत पोचू देत नाहीत आणि माथ्याचे झरोके गरम हवा बाहेर काढतात. फॉल्स सीलिंगने तेच झरोके बंद होणार होते, मग गारव्यासाठी मोठा एसी लागणार होता, मग मोठं वीजबिल. मॅनेजर साहेबांनी हा हिशेब स्वतः मांडला आणि संचालकांना वाचून दाखवला.

एटीएम खिडकीत न बसवता बाजूच्या बोळातल्या जुन्या खोलीत बसवलं, तिथं सरळ रस्त्यावरून जाता येतं. पाच पायऱ्यांचा म्हाताऱ्यांना त्रास होताच, तो जुना म्हणून चालवून घेण्यात अर्थ नव्हता. उजव्या ओट्याच्या कडेने लोखंडी रॅम्प केला, बोल्टवर उभा, दगडाला एकही भोक न पाडता. पिंजरा जागेवर राहिला. त्याच्या आत संगणक, नोटा मोजायचं मशीन, कॅमेरा सगळं बसलं, वायरी फळीखालून नेल्या. जुनी काउंटरची फळी एका ठिकाणी खोलगट झिजली आहे. इतक्या वर्षांच्या कोपरांनी झिजली ती. सुताराला ती रंधून सपाट करायची होती, मी करू दिली नाही.

सुतार गावचेच, सत्तरीचे. दार दुरुस्तीला काढायचं म्हटल्यावर ते दोन्ही फळ्यांवर हात ठेवून उभे राहिले. “हाऊ दरवाजा मन्हा बापना हातना शे. कसाले तोडतस, ताई?” तोडायचं नाही, खालचा कुजलेला भाग तेवढा बदलायचा आहे, हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. मग त्यांनी जुन्याच सागाचा तुकडा शोधून आणला आणि जोड असा घातला, की मला तो दाखवावा लागला तेव्हा दिसला.

एक नुकसान मात्र झालं आणि ते माझ्या हातून झालं. एसीचं छोटं युनिट मॅनेजरच्या खोलीत बसवायचं होतं. काय जपायचं त्याची यादी मी केली होती: दार, पिंजरा, काउंटर, ओटे, कमानीची जाळी. मागच्या खोलीतल्या झरोक्याची लोखंडी जाळी यादीत लिहायची राहिली. रविवारी मी नसताना पाइप काढायला ती कापली गेली आणि सोमवारी सकाळी भंगारात गेली. गावातल्या आणि शेजारच्या तालुक्यातल्या भंगारवाल्यांकडे मी स्वतः फिरले. मिळाली नाही. साधी उभ्या गजांची जाळी होती, मध्ये एक गोल. बैठकीत ओवाटोनाच्या जाळ्यांची गोष्ट मीच सांगितली होती. गावच्या लोहाराकडून नवी करून घेतली ती जुन्यासारखी न करता सरळ गजांची केली आणि तिच्यावर साल कोरलं, म्हणजे पुढं कुणाला ती मूळची वाटू नये. आता कुठल्याही जुन्या इमारतीत मी यादी करत नाही. प्रत्येक भिंतीचा फोटो काढते आणि ज्याला हात लावायचा तेवढ्यावरच लाल खूण करते. खूण नसेल तिथं हात लावायचा नाही.

वार्षिक सभा त्याच हॉलमध्ये झाली. एका सभासदाने उठून विचारलं, की एवढा खर्च झाला तो दिसत का नाही? आप्पांनी त्याला बाहेर नेऊन पाइप, फरशीचा पट्टा आणि गटारीची भिंत दाखवली. त्याचं समाधान झालं नाही. पुढचं एलिव्हेशन बदलायला हवं होतं, असं तो अजूनही म्हणतो आणि तसं म्हणणारे आणखी काही जण आहेत.

खिळे अजून भिंतीत आहेत. शिपाईकाका निवृत्त झाले, पण वही त्यांच्याकडेच आहे आणि दर पहिल्या तारखेला ते येऊन मोजतात. परवा त्यांचा फोन आला. यंदाच्या वैशाखात भेग जेमतेम केसाएवढी उघडली म्हणाले, मागच्या सालाहून पुष्कळ कमी. पण रस्त्याचं काम पुन्हा निघालंय, समोर खडी येऊन पडलीय आणि गटार आणखी उचलणार असं ऐकलंय. येत्या मंगळवारी लेव्हलचं मशीन घेऊन जाते. खडी पसरायच्या आत जोत्याची उंची मोजून नगरपालिकेत अर्ज द्यायला हवा.